रोपमास्तर

लिंगाण्याच्या माथ्यावर पोचलेला माणूस समोरचा रायगड बघतो, फोटो काढतो, घसा बसेस्तोवर घोषणा देतो. रोपमास्तर रोप बघतात. "हा पीळ कुणी घातला?" हे त्यांचं माथ्यावरचं पहिलं वाक्य.

पुण्या-मुंबईकडच्या गिर्यारोहण मंडळांत हे गृहस्थ हमखास सापडतात. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे वय, विटका टी-शर्ट, कमरेला खुळखुळणारे कॅराबिनर. पद काहीच नाही, पण सामानाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. त्यामुळे मंडळाचे अध्यक्षसुद्धा त्यांना विचारून शिंकतात.

नवखं पोरगं रोप उचलतं आणि अंगठा-कोपर, अंगठा-कोपर करत गुंडाळायला लागतं. मास्तर डोळे मिटून घेतात. मग म्हणतात, "बाळा, असं गोल गुंडाळलंस की दर फेऱ्याला एक पीळ बसतो. साठ मीटरचा रोप आहे. खाली सोडल्यावर याचं काय होणार?" पोरगं उत्तराचा विचार करत असतानाच रोप मास्तरांच्या मानेवर गेलेला असतो. एक पदर डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येक पदर हातभर. एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला सुटतो. शेवटी सगळे पदर एकत्र धरून तीन-चार घट्ट वेढे, वरून एक फास ओवला की झाली जुडी. ती इतकी देखणी होते की उचलायला कुणी पुढे येत नाही.

लांब स्लिंग ते साखळी टाक्यासारखी विणून ठेवतात. टोक ओढलं की सरसर सुटते. तंबूच्या दोऱ्या अंगठा आणि करंगळीवर इंग्रजी आठाच्या आकारात. सॅकचे लोंबणारे पट्टे गुंडाळून त्यांवर सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरं. गल्लीतला पंक्चरवाला त्यांना बघताच जुनी ट्यूब बाहेर काढतो, पैशांची भाषा करत नाही.

रोप धुवायचा तो साबणाशिवाय, वाळवायचा तो सावलीत. सोसायटीच्या जिन्यात तो असा वाळत असताना कुणी त्यावर ओला टॉवेल टाकला, तर पुढच्या सभेत विषय निघतो.

एकदा कॉलेजातल्या एका मुलीने रोप गुंडाळलाच नाही. एक टोक पिशवीच्या बंदाला बांधलं आणि बाकीचा मूठमूठ करत सरळ आत कोंबला. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कड्यावर तिने रोप सोडला आणि तो एकाही गाठीशिवाय भराभर बाहेर आला. मास्तर दिवसभर काही बोलले नाहीत. हल्ली मंडळाच्या शिबिरात ते हीच पद्धत शिकवतात, "आमच्या वेळेपासूनची" म्हणून.

तुम्ही कधी त्यांच्याबरोबर गेलात, तर बायकोच्या पायावर पाय द्या, चालेल. रोपावर देऊ नका. बारीक वाळू आत घुसून धागे कापते, हे ते तुम्हाला गड उतरेपर्यंत सांगत राहतील. आणि ते खरंही आहे.