फी न घेणारे काका

इंजिनिअरिंगच्या पोराचा गणिताचा दुसरा पेपर राहिला, म्हणजे एम-टूची केटी लागली, की आई आधी देवाला साकडं घालते, मग क्लासवाल्यांना आणि सरतेशेवटी ‘गणितवाल्या काकां’ना. देव नारळ घेतो, क्लासवाले वर्षाची फी आगाऊ घेतात. काका छदामही घेत नाहीत. म्हणूनच ते सगळ्यांत महाग पडतात.

गिरगाव ते परळ या पट्ट्यात दर दोन-तीन चाळींमागे असे एक काका असतातच. गिरगावचे काका विल्सनचे बी.एस्सी., बँकेतून निवृत्त. दादरचे रुइयाचे, रेल्वेतून निवृत्त. खरं गणित फक्त आपल्याच कॉलेजात शिकवायचे, बाकीकडे नुसतं फळ्यावर उतरवायचे, यावर दोघांचंही एकमत असतं. लालबाग-परळचे काका रात्रशाळेतून वर आलेले. 1982च्या संपात त्यांची गिरणी गेली, गणित राहिलं.

गिरगावच्या काकांना शिवाय घराण्याचा अभिमान. रक्ताच्या नव्हे, खडूच्या. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी, दोघेही एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. एकानं ‘दर्पण’ काढलं, दुसरा ब्रिटिश पार्लमेंटात गेला. पण काकांच्या सांगण्याचा थाट असा, की हे उद्योग त्यांनी पेपर तपासून झाल्यावर, उरलेल्या वेळात केले.

पोरगं संध्याकाळी सातला येतं. ‘काका, एकच गणित अडलंय. उद्या सबमिशन आहे.’

‘उद्या आहे ना? मग आज रात्र आपलीच,’ असं म्हणून काका चष्मा पुसतात. केटी लागल्याचं सांगितलं तर म्हणतात, ‘केटी? खोलीच्या तपमानाला एक चाळिसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याचं काय?’

पोराच्या पिशवीत कुंभोजकरांचं पुस्तक असतं. काका ते हातात घेतात, आदरानं. ‘पुस्तक उत्तम आहे रे, पण तू मागून वाचतोस. उत्तरं मागे असतात म्हणून?’ मग कपाटातून खाकी कव्हर घातलेला 1920 सालचा, डिफरन्शिअल इक्वेशन्सचा पिॲजिओ निघतो आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकेची पाठ कोरी असते. पुढच्या बाजूचे चिरंजीव आणि चि. सौ. कां. आता आजी-आजोबा झालेत, मागच्या बाजूला काकांचे इंटिग्रेटिंग फॅक्टर अजून तरुण आहेत.

गणिताला हात लागत नाही. ‘इंटिग्रेटिंग फॅक्टरनं गुणायचं’ असं पोरगं म्हणतं. ‘का गुणायचं?’ असं काका विचारतात. सरांनी सांगितलं म्हणून, हे खरं उत्तर देता येत नाही. तेवढ्यात काकू चहा आणतात आणि पोराचं नशीब फिरतं.

‘हा चहा 80 अंशांवर आहे समज. खोली 30. फरक?’

‘50.’

‘पाच मिनिटांत चहा 55वर आला. फरक उरला 25. आणखी पाच मिनिटांनी?’

‘शून्य,’ पोरगं ठणकावतं. एकदा 25 उतरले, पुन्हा 25 उतरतील.

‘साडेबारा!’ काका मांडीवर थाप मारतात. ‘अरे गधड्या, फरक आटला की निवण्याचा वेगही आटतो. न्यूटननं सांगितलंय. हेच तर तुझं डिफरन्शिअल इक्वेशन! लिही: डीटी बाय डीटी बरोबर उणे के गुणिले...’

‘दोन्ही टी एकच का?’ पोरगं अनवधानानं विचारतं. वरचा तपमानाचा, खालचा वेळेचा, हे समजावण्यात आठ वाजतात.

सटकायचं म्हणून पोरगं चहा बशीत ओततं, घाईघाईनं फुंकर मारतं. काका उठूनच उभे राहतात. ‘अगं, ऐकलंस का? यानं के वाढवला! पृष्ठभाग मोठा केला, वर वारा घातला. सांगितल्याशिवाय!’ आतून काकू म्हणतात, ‘वाढवला तर वाढवला, त्याला आता घरी सोडा. त्याची आई दोनदा हाक मारून गेली.’ पण नवा के काढल्याशिवाय कोण सोडतो? साडेनवाला पोरगं सुटतं. सबमिशनचं गणित तसंच राहिलेलं असतं. ते घरी जाऊन, झोपेच्या गुंगीत, दहा मिनिटांत सुटतं. आपण ते सोडवलं हे त्याच्या लक्षात यायला सकाळ उजाडते.

पुढे पोरगं पास होतं, पेढे घेऊन येतं. काका पेढा काकूंकडे सरकवतात आणि प्रश्नपत्रिका मागतात.

‘चौथा प्रश्न का सोडलास?’

‘ऑप्शनला टाकला काका. पास झालो ना!’

‘म्हणून काय झालं?’ काका पत्रिकांचा गठ्ठा ओढतात.

सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचंय, गरज संपलीय, उठून जायला कुणाची आडकाठी नाही. तरी पोरगं दुसऱ्या ओळीवर पुटपुटतं, ‘काका, इथे उणे राहिलं.’ काका चपापतात, उणे घालतात आणि पेन पोराच्या हातात देतात. आजवर न घेतलेली सगळी फी अशी एकरकमी वसूल होते.