हस्की निघाला सिंहगडावर

पुण्यात हल्ली सायबेरियन हस्की पाळायचा आणि रविवारी त्याला सिंहगडावर चढवायचा, अशी रीत आहे. बर्फात स्लेज ओढायला घडवलेलं जनावर ते. अंगावर दुहेरी लोकर, पायाखाली एप्रिलमध्ये तव्यासारखा तापलेला बसाल्ट. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच. उरलेली उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. या धापांना मालक ‘किती खूश आहे बघा!’ म्हणतात.

सरंजामही मोठा. घडीचं भांडं, हार्नेस, गॉगल आणि कुत्र्याच्या नावाचं इन्स्टाग्राम खातं. ‘मला ट्रेकिंग फार आवडतं’ असं त्याने तिथे म्हणे स्वतःच जाहीर केलंय. प्रत्यक्षात त्याचं लक्ष सगळं दहीवाल्या मावशींच्या मडक्यांवर. अर्ध्या चढणीत तो बसकण मारतो आणि वीस-पंचवीस किलोंचं हे साहस मालकाच्या खांद्यावर येतं. शेजारून गडावरचा गावठी कुत्रा झपझप वर जातो. ना पट्टा, ना फॉलोअर. पार्ले-जीच्या एका पुड्यावर तो तुम्हाला माथ्यापर्यंत सोबत करतो; फोटोत मात्र त्याला ‘हट्’ म्हणून बाजूला सारतात.

लांबच्या सहलीला रेल्वेचा नियम आडवा येतो: कुत्रा सोबत हवा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटी कशी चालेल? साहेबांचा कूपे कन्फर्म होतो. त्याच गाडीला घरच्या आजोबांचं स्लीपरचं तिकीट मात्र अजून वेटिंगवर आहे.