बुधवार

प्रत्येक गृहस्थाजवळ एक हुकमी किस्सा असतो. माझा जेजुरीचा आहे.

मेहुणीच्या साखरपुड्याला साताऱ्याला निघालो होतो. ही दोन दिवस आधीच माहेरी गेलेली. स्वारगेटला भलत्याच एस.टी.त बसलो आणि बसल्याबसल्या झोपलो. जाग आली तर गाडी घाट चढत होती. ‘आला खंबाटकी’ म्हणत पुन्हा डोळे मिटले. तो निघाला दिवेघाट. गाडी जेजुरीची. पुढच्या गाडीला दोन तास अवकाश, म्हणून गड चढून आलो. मग नीरा-लोणंद करत साताऱ्याला पोचलो, तेव्हा टोपीपासून सदऱ्यापर्यंत भंडाऱ्यानं पिवळा झालेलो. मामेसासरे दारातच म्हणाले, ‘जावईबापू, आज नुसता साखरपुडा. हळदीला अजून महिना आहे!’

दीड मिनिटाचा ऐवज. पण घरी तो मला कधीच दीड मिनिटात सांगता आलेला नाही, कारण सांगताना शेजारी ही असते.

‘त्या मंगळवारी...’ मी सुरुवात करतो.

‘बुधवार,’ ही म्हणते. ‘मंगळवारी पाणी नव्हतं. तुम्ही तर अंघोळ करून निघाला होतात.’

‘बरं, बुधवारी. निमआराम गाडीत...’

‘साधी लाल. निमआरामचे पैसे तुम्ही कधी काढलेत?’

‘...खिडकीशी बसलो आणि...’

‘पण कंडक्टरला सांगितलंत काय?’

‘शेवटचा स्टॉप.’

इथे पाहुणे खो-खो हसतात आणि माझी मामेसासऱ्यांपर्यंतची वाट त्या हसण्यात बुडते. लक्षात घ्या, ही त्या गाडीत नव्हतीच.

माझी तक्रार रास्त होती. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करत फिरले. पण कथा सुरू झाली की माइकपुढे ज्याचा तो. मिरासदारांची कथा रंगात आली असताना ‘त्या दिवशी भोकरवाडीत बाजार नव्हता हो’ असं शेजारून कुणी म्हणत नसे. म्हणून रंगत असे!

संधी आली. ही माहेरी गेली आणि मला एका मित्राकडे जेवणाचं बोलावणं आलं. बासुंदीच्या वाटीबरोबर मी किस्सा काढला. मंगळवार, निमआराम, खंबाटकी, जेजुरी, भंडारा, मामेसासरे. एकही अडथळा नाही. बरोबर दीड मिनिट. मित्र म्हणाला, ‘हो का?’ वहिनी म्हणाल्या, ‘बासुंदी अजून घ्या ना.’ आणि एक पाहुणे जेजुरीला हल्ली पार्किंगचे किती हाल आहेत ते सांगू लागले.

घरी परतताना मला आजी आठवली. आजीच्या गोष्टीला ‘हूं’ म्हणावं लागे. हुंकार थांबला की राजपुत्र घोड्यावर एक पाय टाकून तसाच ताटकळे आणि आजी विचारी, ‘झोपलास का रे?’ शाहिराचा पोवाडा मागच्या झीलकऱ्यांच्या ‘जी जी’वर चढतो. वारकरी कीर्तनकाराच्या पाठीशी टाळकरी उभे असतात. गोंधळात तर मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि साथीदार वेड पांघरून मध्येच असले प्रश्न टाकतो की देवीसुद्धा कान टवकारत असेल. ‘कंडक्टरला सांगितलंत काय?’ हा असाच प्रश्न. माझ्या किश्शातलं सगळ्यात मोठं हसू माझं नव्हतंच. मित्राकडे तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि शेवटचा स्टॉप माझ्या तोंडातच राहिला.

म्हणजे वर्षानुवर्षं मी घरातल्या घरात गोंधळ घालत होतो आणि साथीदाराला मात्र विघ्न समजत होतो.

ही परत आली. पुढच्याच रविवारी पाहुणे आले, पोहे झाले, कुणीतरी एस.टी.चा विषय काढला. मी मनोमन शरण गेलो. आता वाद नाही; हिचीच प्रत प्रमाण मानायची. घसा खाकरला आणि म्हणालो, ‘तर त्या बुधवारी, साध्या लाल गाडीत...’

हिनं चहाचा कप खाली ठेवला.

‘गुरुवार,’ ही म्हणाली.