घोडा गेला ते बरं झालं

रस्त्यावरची कला पाहिली की माणसातला सुप्त कलावंत जागा होतो, असं जाणकार सांगतात. होतो ना! आमच्याकडे तो सर्वांत आधी नगरसेवकात जागा होतो. चौकात कारंजं, कारंज्यात स्टीलचे तीन डॉल्फिन आणि खाली डॉल्फिनहून मोठा फलक : ‘मा. अमुक अमुक यांच्या संकल्पनेतून साकार’. वॉर्डात पाणी एक दिवसाआड. डॉल्फिन ज्याने घडवले त्याचं नाव शोधायला जा, फलकावर सगळे भेटतील, शुभेच्छुकांसकट. तो तेवढा नाही.

सामान्य नागरिकही मागे नाही. ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव, मधे लाल बदाम, रात्री आतून दिवे. त्या बदामापाशी उभं राहून हनुवटी किती तिरकी धरायची, एवढ्यावर सगळी प्रतिभा खर्च होते.

वारली चित्रांचं तर काय सांगावं. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पालिकेने ती परत भिंतीवर आणली, पण शौचालयाच्या. स्वच्छतेची पाहणी जवळ आली की तारपा वाजवणारा तोच माणूस एकाच साच्यातून उड्डाणपुलाच्या खांबाखांबावर उतरतो. आणि जिन्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या देवांच्या फरशा? पान खाणाऱ्याच्या उत्स्फूर्त अभिव्यक्तीला आवर घालणं, एवढ्याचसाठी बसवलेली ही बहुधा जगातली एकमेव कला असावी.

मग कलावंत जागा होतो तरी कुठे? मला विचाराल तर, पुतळा उचलून नेल्यावर.

मुंबईचा काळा घोडा घ्या. ब्रिटिश युवराजाचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा, अश्वारूढ पुतळा. सर अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिलेला, १८७९ साली उभा राहिलेला. मुंबईकराने वरच्या स्वाराकडे साफ दुर्लक्ष केलं आणि अख्ख्या परिसराला खालच्या जनावराचं नाव दिलं. १९६५ साली घोडा स्वारासकट राणीच्या बागेत रवाना झाला. नाव मात्र चौकातच राहिलं. घोड्याच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. सौंदर्यीकरण शून्य, संकल्पना कोणाचीच नाही.

त्या गाड्यांच्या तळासमोर, ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात, कवी अरुण कोलटकर येऊन बसत. जे. जे.त शिकलेला, जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेला माणूस. दोन पावलांवर जहांगीर आर्ट गॅलरी, पलीकडे म्युझियम. बघायला कला हवी तेवढी होती. हे बघत बसले कोणाला? तर रस्त्यातल्या भटक्या कुत्र्याला, कावळ्याला, इडल्या विकणाऱ्या बाईला, उंदराच्या औषधवाल्याला, जुन्या सायकलच्या टायरला. त्यातून इंग्रजीत ‘काळा घोडा पोएम्स’ झालं, २००४ साली, कोलटकर गेले त्याच वर्षी. समोरच्या लायब्ररीवरचा डेव्हिड ससूनचा दगडी चेहराही त्यात बोलतो. म्हणजे पुतळ्यांशी त्यांचं वाकडं नव्हतं. पण युवराज जागेवर असता तर? मला शंका आहे. एवढं मोठं ब्राँझचं धूड मधे उभं असल्यावर नजर टायरपर्यंत पोचते कशी?

आपले बहुतेक पुतळे, कमानी, डॉल्फिन हे सगळं बोलून झालेले असतात. पाहणाऱ्याने फक्त ‘वा!’ म्हणायचं आणि सिग्नल सुटला की निघायचं. ज्यात पाहणाऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही ते पाहून कोणी घरी जाऊन पेन्सिल का शोधावी? त्या मोकळ्या चौकाने निदान जागा तरी करून दिली. एका कवीला, आणि १९९९पासून कला महोत्सवालाही. घोड्याच्या नावाने, घोडा नसताना, अठरा वर्षं तिथे मांडव पडले, चित्रं लागली, नाटकं झाली.

२०१७ साली तिथे नवा घोडा आला. माझ्या सिद्धांताला हा तडाच म्हणायचा, पण नवा घोडा बेतणाऱ्यांना अक्कल होती. त्यांनी स्वार बसवलाच नाही. येणारा-जाणारा मान वर करतो आणि मनातल्या मनात कोणाला तरी चढवून बघतो. कोणी थोर पुरुष, कोणी आपला साहेब, कोणी स्वतःला. सर्जनशीलता म्हणतात ती याहून वेगळी कुठे सुरू होते?

मला काळजी आहे ती वेगळीच. रिकामी जागा दिसली की अर्ज करणाऱ्यांच्या या राज्यात एवढी मोक्याची पाठ इतकी वर्षं मोकळी राहिली कशी? बहुधा चढायला शिडी नाही म्हणून. निधी मंजूर झाला की तीही येईल.