चाळीस पिनांचे आबा

पाबळला मस्तानीच्या समाधीचा रस्ता विचारणाऱ्या पाहुण्याला आबा रस्ता सांगतात, पण आधी त्याच्या फोनच्या बुडाकडे बघतात. "टाइप-सी. चोवीस पिना. उलटी घाला, सुलटी घाला." पाहुणा बावरतो. गावाला सवय आहे.

डॉ. कलबागांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम काढला, २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅबही इथेच आली. आश्रमात पोरं काही ना काही बनवतात. आबांनी मात्र त्यातलं 'टाकायचं नाही' एवढंच उचललं. काकूंच्या शालूंची पत्र्याची ट्रंक आता वायरींची आहे. प्रिंटर कधीच भंगारात गेला, त्याची पंचवीस पिनांची जाडजूड केबल आहे. स्कझीचा टर्मिनेटरसुद्धा आहे. एकाला एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या टोकाला तो नसला तर सिग्नल आदळून माघारी फिरतो म्हणे. पाबळात स्कझी होतं कुणाकडे, हे विचारायचं नाही.

परवा शेजारची सून लग्नाच्या फोटोंची जुनी हार्ड डिस्क घेऊन आली. आबांचा चेहरा फुलला.

"आयडीई! ही चाळीस पिनांची पट्टी बघ, पोरी. एका पट्टीवर दोन डिस्क, म्हणजे एका चुलीवर दोन जावा. थोरली कोण, ते हा जंपर ठरवतो."

तांदळाएवढा जंपर त्यांनी काकूंच्या भुवयांच्या चिमट्याने उपसला, 'मास्टर'च्या पिनांवर बसवला. "मग २००३ ला साटा आलं. सात पिना, ज्याची त्याची वायर. झाल्या वाटण्या!"

यूएसबीचं अडॅप्टर लावलं, डिस्कला वेगळी वीज दिली. ती आधी कण्हली, मग फिरली. कॉम्प्युटरवर वरात दिसली. सून हरखली.

"आबा, फोनमध्ये घेते ना."

ट्रंकेतून टाइप-सीची वायर निघाली. फोन चार्ज होऊ लागला, पण कॉम्प्युटर त्याला ओळख दाखवेना. आबांनी वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. बॅटरी दोन टक्के वाढली.

"चार्जिंगपुरतीच आहे. डेटाच्या तारा घातल्याच नाहीत मेल्यांनी!"

"मग टाकू का ही?"

आबांनी वायर तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली, गुंडाळली, रबर लावलं आणि 'डेटा नाही' अशी चिठ्ठी चिकटवली.

"तसल्या डझनभर आहेत आत," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"चिठ्ठी कुठे होती त्यांना?" म्हणत आबांनी ट्रंक पालथी केली.