जरा डावीकडे!

भावोजींना आम्ही ‘अँगल’ म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. जावई माणूस, तोंडावर कोण म्हणणार? आणि खरी गोम तिथेच आहे. हाच गृहस्थ आमचा चुलतभाऊ असता तर “काढ रे पटकन, ऊन लागतंय” म्हणून त्याला कधीच आवरतं घ्यायला लावलं असतं. जावयाला ‘जरा लवकर’ एवढंही म्हणायची सोय नसते. त्यामुळे ते म्हणतील तिथे आणि म्हणतील तितका वेळ आमचं अख्खं घराणं उभं राहतं.

असे एक भावोजी तुमच्याकडेही असतील. नसले तर पुढच्या लग्नसराईत येतील. ओळखायची खूण म्हणजे पँटचे गुडघे. उभ्याने फोटो काढणारा माणूस त्यांच्या लेखी नुसता बटण दाबणारा. ते स्वतः उकिडवे बसतात, ओणवे होतात, कठड्यावर चढतात. कासच्या पठारावर फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून आखलेल्या वाटेनेच चालायचं असतं. भावोजी त्या वाटेवरच पालथे पडले. मागे रांग खोळंबली, शिट्टी वाजली. “फूल त्याच्या उंचीवरून बघावं लागतं,” भावोजींनी मान न वळवता सांगितलं. “बघा की, पण मागची मंडळी गेल्यावर,” शिट्टीवाला म्हणाला.

पंचाईत अशी, की त्यांचं ज्ञान खोटं नाही. लहान मुलाचा फोटो उभ्याने काढला की नुसतं डोकंच येतं आणि पाय बोटभर. तेच खाली बसून काढला की मूल आपल्याशी बोलायला लागतं. अंगणात आजीला उभं केलं तर तुळस तिच्या डोक्यातून उगवते. भावोजी तिला पाऊलभर सरकवतात, की तुळस वृंदावनात आणि आजी माणसांत. गणपतीपुळ्याला मी काढलेला फोटो बघून ते कळवळून म्हणाले, “अरे, तुझा समुद्र जयगडकडे सांडतोय!” क्षितिज तिरकं आलं होतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. वाइड अँगलमध्ये कडेचा माणूस आडवा ताणला जातो, हेही त्यांनीच एकदा सांगितलं. ते मात्र सांगायला नको होतं. तेव्हापासून ग्रुप फोटोत मधल्या जागेसाठी माम्या आणि आत्यांची जी रेटारेटी चालते, तिच्यात दोन सोयरिकी थोडक्यात वाचल्या आहेत.

मग येतो तृतीयांशाचा नियम. मोबाइलच्या पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. त्या जिथे छेदतात तिथे माणूस ठेवायचा, मधोमध नाही. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांसाठी हा नियम नावानिशी लिहून ठेवला. तेव्हा फोटो काढण्याची विद्या जन्मायची होती आणि आमचे भावोजीही. एका साखरपुड्यात त्यांनी मुलगा-मुलगी डाव्या तृतीयांशात बसवली. उरलेल्या दोन तृतीयांशांत पाण्याचा जार आणि त्यावर पालथा घातलेला पेला. भावोजींच्या मते ती ‘निगेटिव्ह स्पेस’. मुलीच्या आईच्या मते तिथे मुलीची आत्या हवी होती.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं नाव घेताना भावोजी गवयासारखा कानाच्या पाळीला हात लावतात. दुसरं दैवत आँरी कार्तिए-ब्रेसाँ. त्यांचं १९५२ सालचं पुस्तक इंग्रजीत ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ या नावाने निघालं, आणि जगण्याच्या धांदलीतला नेमका क्षण टिपायचा, ही त्यांची ख्याती. भावोजींचा नेमका क्षण मात्र मोदक निवल्यावर येतो. वाफ टिपायची म्हणून पान वाढून ठेवायचं, मागे काळा पडदा हवा म्हणून कुणाचीतरी छत्री उघडायची, तूप पुन्हा सोडायचं. तोवर वाफ गेलेली असते, आणि भूकही.

सगळ्यात सोसलं आहे ते ताईने. तिच्या अल्बममध्ये ती आहे, मुलं आहेत, किल्ले आहेत; नवरा फक्त सावलीच्या रूपाने. ऊन पाठीशी ठेवायचं आणि फोटो मावळतीच्या सोनेरी उजेडातच काढायचा, हा भावोजींचा दंडक. मग त्यांची लांबच लांब सावली बायकोच्या पायांपर्यंत येणारच. “हे बाबा,” धाकटा पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतो.

यंदाच्या सत्यनारायणाला त्यांना प्रथमच तोडीस तोड माणूस भेटला. गुरुजी पंचामृत घालत होते. भावोजी गुडघ्यांवर सरकत चौरंगापाशी आले. “गुरुजी, पळी जरा वर. आणि पुन्हा एकदा, सावकाश.” आईने डोळे मिटले, नैवेद्याला उशीर होत होता. गुरुजींनी पळी खाली ठेवली.

“खालून घेऊ नका,” ते म्हणाले, “हनुवट्या दोन दिसतात. परवाच्या वास्तुशांतीत तसंच झालं. खिडकीकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर येईल. केळीचे खांब दोन्ही हवेत, ट्यूबलाइट नको. आणि मंत्र चालू असताना काढा, तोंड मिटलेलं असलं की मी रागावल्यासारखा दिसतो.”

भावोजी निमूट उठून उभे राहिले. फोटो निघाला, एकच. गुरुजींनी मोबाइल हातात घेऊन तो दोन बोटांनी मोठा केला, कडा तपासल्या आणि परत दिला.

“बरा आहे. जरा डावीकडून हवा होता. पाठवून ठेवा, स्टेटसला लागतो.”