क्षार, घासणी आणि कव्हर

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि त्याचा परिसर बेसाल्टाच्या, म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाच्या, प्रदेशात मोडत असल्याने तेथील बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, अर्थात साबणाला फेस येऊ न देणारे असते, आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळावर, कुलरच्या जाळीवर व पाणी तापवण्याच्या रॉडवर पांढरा थर धरतात. हा थर लिंबाच्या आम्लाने विरघळतो, तारेच्या घासणीने मात्र स्टीललाच ओरखडे पडतात. तथापि घासण्याचे कष्ट शेजाऱ्यांना ऐकू जातात आणि विरघळणे कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून घासणीचे स्थान अढळ आहे. घटस्थापनेपूर्वी गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सारे घर धुऊन निघते, परंतु फ्रिजमागची कॉइल, जिच्यातून आतली उष्णता बाहेर टाकली जाते, ती सोवळ्यात असल्याप्रमाणे धुळीसकट अस्पर्श राहते. उलट, फ्रिजच्या माथ्यावर झालरीचे कव्हर चढते, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि त्यावरील आकडे पिशवीच्या पिवळेपणामुळे दिसेनासे झाले तरी नवेच राहतात. सोफ्याचे कव्हर ज्यांच्यासाठी काढायचे, त्या पाहुण्यांची पात्रता तेवढी अद्याप निश्चित झालेली नाही.